हॉटेलच्या घड्याळाप्रमाणे

माझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दीड तास मागं आहे. नातसून लग्न होऊन आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं ते पुढं करायला स्टूल ओढलं होतं. मी तिला खाली उतरवलं आणि म्हटलं, "ह्या घरात कशालाही हात लाव, माझ्या कपाटालासुद्धा. त्याला नको." तिला वाटलं, म्हातारीच्या नवऱ्याची आठवण असेल. नवऱ्याची आठवण म्हणून माझ्याकडं एक चष्मा आहे आणि त्यांचं घोरणं, जे आता माझा मुलगा पुढं चालवतो. घड्याळ दुसऱ्या माणसाचं.

परवा माझा नातू ओमकार मोबाईलवर बातमी वाचत होता. नोकरीला लागल्यापासून त्याला असल्या बातम्यांत बराच रस आहे. म्हणाला, "आजी, बारमधल्या स्वस्त दारूवर नियम आणायचं चाललंय म्हणे. एकावर एक फुकट, ठरावीक वेळेत निम्मा भाव, हे सगळं बंद. तुझ्या वेळी होते का गं असले नियम?"

"नियम नव्हते," म्हटलं, "एक माणूस होता."

त्यांचं नाव मन्नानभाई. पाचोडची चार एकर विकून आमच्या ह्यांनी वाळूजच्या रस्त्यावर हॉटेल काढलं, पुढं जेवणाचा हॉल आणि मागं परमिट रूम, तेव्हापासून मन्नानभाई तिथले मॅनेजर. मॅनेजर हा शब्द त्यांना स्वतःला आवडायचा नाही. "मी वाढपी हाय," म्हणायचे. उंच, सडपातळ, अंगात पांढरा शर्ट, भर मे महिन्यातसुद्धा मनगटापर्यंत बटणं लावलेली, आणि डाव्या हातावर घडी घातलेला नॅपकिन. प्रत्येक ग्लास पुसून झाला की तो ट्यूबलाईटसमोर धरायचे आणि एक डोळा मिटून त्यातून बघायचे. मुलगी द्यायला निघालेला बापही नवऱ्या मुलाला इतकं निरखून बघत नाही. डाग दिसला की ग्लास परत मोरीत.

रोज शे-दीडशे माणसांना पाजणारा हा माणूस स्वतः मात्र कोरडा. थेंबाला शिवले नाहीत. मी एकदा आगाऊपणानं विचारलं, "मन्नानभाई, चव माहीत नसताना धंदा कसा जमतो हो तुम्हाला?"

"भाभी," ते म्हणाले, "हलवायाला साखरेची बिमारी असली तरी लाडू गोलच व्हतो."

त्यांचा कायदा एकच होता. तिसऱ्याच्या आधी ताट. दोन पेग घ्या, आनंदानं घ्या. तिसरा पाहिजे असेल तर आधी समोर भाकरी आली पाहिजे आणि ती पोटात गेली पाहिजे. मेनूकार्डावर हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण भिंतींना पाठ होतं. एकदा प्लॉटिंगच्या धंद्यातला कुणी एक आला, गळ्यात बैलाची साखळी शोभावी एवढी चेन. दोन झाल्यावर त्यानं टेबल वाजवलं.

"साहेब, ताट येतंय," मन्नानभाई म्हणाले.

"मी मागवलं का ताट?"

"नाय. पण ते तिकडून निघालंय आता. माघारी कसं फिरवू? अन्नाचा अपमान व्हतो."

त्यानं तणतणत दोन भाकरी आणि खिमा खाल्ला. मग जरा टेकून बसला, शर्टाचं वरचं बटण सोडलं, तिसऱ्याचं काही विचारलं नाही आणि घरच्यांसाठी पार्सल घेऊन गेला. पुढं दर गुरुवारी यायचा आणि दारातूनच विचारायचा, "मामू, निघालं का ताट?"

"गिऱ्हाईक दोन पायावर आलं, दोन पायावर गेलं पाहिजे," हे मन्नानभाईंचं सांगणं. ह्यांनाही ते पटलेलं होतं. त्यामुळं आमचं हॉटेल कधी फार मोठं झालं नाही, आणि तिथं कधी पोलिसांची जीपही उभी राहिली नाही.

मग आमचे हे गेले. दारूनं नव्हे, साध्या हार्ट अटॅकनं. भिशीतल्या बायकांना मात्र ते शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. दीर म्हणाले, बाईमाणसानं बार चालवायचा म्हणजे काय, विकून टाका. आता, मला कुणी 'टाका' म्हटलं की माझ्या अंगात येतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात जाऊन गल्ल्यावर बसले. मन्नानभाईंनी कोऱ्या चहाचं पातेलं आणि पेगचं माप माझ्यासमोर ठेवलं आणि दिवसभर माझ्याकडून चहा मापून ओतून घेतला. संध्याकाळपर्यंत पदर चहानं भिजला होता. "आता सांडत नाय," ते म्हणाले. "मालक शिकले तवा चार दिवस लागले व्हते." हे खोटं होतं हे मला माहीत होतं, पण तेव्हा मला असल्या खोट्याचीच गरज होती.

त्यांनी मला शिकवलेली दुसरी गोष्ट चपला-बुटांची. "गिऱ्हाईकाच्या तोंडाकडं बघू नका भाभी, तोंड कायबी सांगतं. पाय बघा. कंपनीचे बूट तेलकट असले तर माणूस ड्यूटीवरून आलाय, थकलाय, त्याला आधी पाणी द्या. बूट पुसलेले असले तर ड्यूटीवर चाललाय. त्याला चहा द्या."

"आणि त्यानं दारू मागितली तर?"

"तर म्हणायचं, बर्फ संपलाय."

आता त्या बाईकडं येते, म्हणजे पन्नाशीतल्या माझ्याकडं. ती जर आज मला रस्त्यात भेटली, तर मी तिचा गॉगल काढून घेईन. हॉटेल दोन वर्षं नीट चालल्यावर तिला वाटायला लागलं की आपण उद्योजिका आहोत. केस काळे केले. गावातल्या एका मोठ्या हॉटेलात दोन दिवसांचा व्यवसायवृद्धीचा वर्ग होता, तिथं जाऊन आली. टाय लावलेल्या एका पोरसवद्या मास्तरानं तिला 'फुटफॉल', म्हणजे दुकानात पडणारी गिऱ्हाईकांची पावलं, हा शब्द शिकवला. तो शब्द तिनं पुढचे सहा महिने मिठासारखा वापरला. घरी वरणभात वाढतानासुद्धा.

त्या विद्वान बाईनं मग रस्त्यावर लाल-पिवळ्या दिव्यांचा बोर्ड लावला: 'दुपारी एक ते तीन. एकावर एक फ्री.'

मन्नानभाईंनी बोर्ड वाचला, नॅपकिनची घडी बदलली. "भाभी, एक ते तीन कशाला? द्यायचंच असलं तर संध्याकाळी द्या."

"संध्याकाळी हॉल भरलेलाच असतो. फुटफॉल दुपारी वाढवायचा असतो."

"दुपारी कोण येतं, ते एकदा बसून बघा तरी."

"कोण का येईना, त्याचे पैसे कडू लागतात का?"

हॉटेलात मी पाचला जायची, दुपारी कधीच तिथं नसायची. दुपारी मी झोपायची. एक ते चार जग बंद असतं, अशी माझी त्या वेळी समजूत होती. आमच्या दारासमोरच्या चौकातून अडीच वाजता आतल्या कारखान्यांची बस निघायची, तीनच्या शिफ्टवाल्यांना घेऊन. हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोज ज्या रस्त्यानं जाते त्या रस्त्यावरची बस मला माहीत होती. पण बसची वेळ आणि माझ्या बोर्डाची वेळ मी कधी शेजारी शेजारी ठेवून बघितली नाही. तो वर्ग घेणारा मास्तर वाळूजचा नव्हता, त्याचं सोडा. मी तर तिथलीच होते.

पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी मन्नानभाई गल्ल्याजवळ येऊन उभे राहिले. "भागवतचा हात मशीनमधी गेला. दोन बोटं."

भागवत म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक. पैठणकडचा, शेतकऱ्याचा पोर, प्रेस मशीनवर कामाला. मला काकू म्हणायचा.

"अरे देवा," म्हटलं. "कारखान्यात काय, असं व्हायचंच."

"आपल्याकडून गेला व्हता तो."

"सगळं वाळूज आपल्याकडूनच जातं, मन्नानभाई. आपण रस्त्यावरच बसलोय."

ते काउंटरवरचा एक पुसलेला ग्लास उचलून परत पुसायला लागले. मी त्यांच्या पाठीला पुढं काहीतरी फुटफॉलचं सांगत होते, हेही मला आठवतं.

दोन दिवसांनी ते म्हणाले, "गिऱ्हाईक टायमावरून भांडतात भाभी. कुणाच्या घड्याळात पाच मिनिटं पुढं, कुणाच्या मागं. बोर्डावर एक ओळ घालू का?" मला आनंद झाला. म्हातारा शेवटी धंद्यात रस घ्यायला लागला. पेंटरनं बोर्डाखाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'वेळ हॉटेलच्या घड्याळाप्रमाणे.' मी चारचौघांत ती ओळ माझीच म्हणून सांगितली.

धंदा वाढला. थोडा नव्हे, चांगलाच. एकदा मी दुपारची झोप मोडून साडेचारलाच हॉटेलात पोचले, तर मन्नानभाई स्टुलावर चढून हॉलमधलं मोठं घड्याळ पुसत होते.

"पोरांना सांगा की," म्हटलं. "ह्या वयात पडाल."

"धूळ बसते भाभी," ते काट्यांवरून नॅपकिन फिरवत म्हणाले. "रोजची रोज काढलेली बरी."

मी मनात म्हटलं, काय टापटीप माणूस आहे.

पुढं काही महिन्यांनी त्या रस्त्यावरच्या कामगारांच्या बायकांनी अर्ज केला. दुपारच्या स्वस्त दारूनं घरं आणि हात दोन्ही जातायत, बोर्ड उतरवा, म्हणून. एव्हाना माझं बघून समोरच्या बारवाल्यानं, त्याचं बघून पुढच्यानं, असे सगळ्यांनीच बोर्ड लावले होते. सरकारी कार्यालयात दोन्ही बाजूंना बोलावणं आलं. आम्ही मालकलोक आमच्या हॉलमध्ये जमलो आणि ठरवलं की आपल्याकडून मन्नानभाईंनी बोलायचं. न पिणारा, पाच वेळचा नमाजी माणूस दारूच्या बाजूनं बोलला की वजन पडतं. भाषण मी लिहिलं. 'सदर सवलत ही श्रमिक बांधवांच्या विरंगुळ्याप्रीत्यर्थ असून' असं त्यात एक वाक्य होतं. ते लिहून झाल्यावर मी स्वतःलाच चहा पाजला होता.

बैठक तिसऱ्या प्रहरी होती. मन्नानभाई हॉटेलातूनच आले, ईदचा कोट घालून. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला त्या बायका, मध्ये टेबलामागं साहेब. मन्नानभाईंनी माझा कागद उघडला, 'सन्माननीय महोदय' एवढं वाचलं आणि कागदाची नॅपकिनसारखी घडी घातली.

"साहेब, ह्यात लिहिलंय ते लई चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "पण दुपारी मी तिथं असतो. लिहिणारे त्या टायमाला झोपलेले असतात."

बायका हसल्या. माझे कान तापले.

"स्वस्त झालं की माणूस मोजत नाय, साहेब. एक घेऊन उठणारा माणूस, दुसरा फुकट म्हटल्यावर सोडत नाय. मग तिसऱ्यावर चौथा. अडीचला बस येते. ती बस मशीनवर जाते. पिऊ नका असं मी म्हणत नाय, माझी रोजीच ती हाय. बसच्या आधी भाव उतरवू नका, एवढंच म्हणतो. आणि हे एकट्यानं करून भागत नाय. एकानं बोर्ड काढला तर गिऱ्हाईक समोर जातं. सगळ्यांना सारखा नियम पायजे."

साहेबांनी समोरचा कागद बघितला. "पण तुमच्याच हॉटेलात एक ते तीन सवलत आहे ना?"

"बोर्डावर हाय, साहेब," मन्नानभाई म्हणाले. "घड्याळात नाय."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. रोज सकाळी हॉटेल उघडलं की ते घड्याळ दीड तास मागं करायचे. बस अडीचला निघून गेली की आमच्या भिंतीवर एक वाजायचा, आणि तिथून पुढं सवलत. तीनला पहिली शिफ्ट सुटायची. घरी निघालेले थकलेले लोक यायचे, त्यांना ती मिळायची. साडेचारला स्टुलावर चढून घड्याळ परत बरोबर. म्हणजे माझा तो सगळा फुटफॉल तेलकट बुटांचा होता. कुणी मोबाईल दाखवून भांडलाच, तर मन्नानभाई म्हणायचे, "मोबाईलात एक वाजलाय ना? मग मोबाईलात पी."

साहेबसुद्धा हसले. आमच्याकडचे मालक हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत होते.

खाली जिन्यात मी त्यांना गाठलं. मला पुष्कळ काही बोलायचं होतं, पण तोंडातून आलं ते एवढंच, "उद्यापासून घड्याळ पुसायला येऊ नका."

त्यांनी कोटाच्या खिशातून किल्ल्या काढल्या, नॅपकिनमध्ये गुंडाळल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या.

"बरं, मालकीणबाई."

इतकी वर्षं मी भाभी होते. मालकीणबाई हा शब्द त्यांनी माझ्यासाठी पहिल्यांदा वापरला, आणि तो किल्ल्यांपेक्षा जड होता.

दुसऱ्या दिवशी बारालाच हॉटेलात गेले. घड्याळात साडेदहा वाजले होते. आदल्या दिवशी ते साडेचारला पुसायचं राहिलं होतं. मी पदर खोचला, स्टुलावर चढले, काटे पुढं केले आणि मालकिणीसारखी गल्ल्यावर बसले. घड्याळ बरोबर झाल्याची बातमी तोवर चौकात पोचली होती; एक वाजता ठोका पडला तसा हॉल भरला. मी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या हॉटेलची दुपार बघत होते. सवयीनं खाली बघितलं. सगळे बूट पुसलेले. एका टेबलाखाली तर पॉलिश इतकं ताजं होतं की त्यात पंख्याची पाती दिसत होती. घरात कुणीतरी सकाळी बसून केलेलं पॉलिश.

भागवत कोपऱ्यात होता. त्याला कंपनीनं हलक्या कामावर घेतलं होतं. समोर दोन ग्लास. त्यानं एक उचलला तेव्हा मला पहिल्यांदा तो हात नीट दिसला. अंगठ्याच्या आणि उरलेल्या दोन बोटांच्या मध्ये ग्लास तिरका राहत होता.

"मामू कुठायत काकू? आज घड्याळ बराबर कसं काय?"

"भागवत, हे नेमकं कधीचं रे?" मी हाताकडं बघत विचारलं.

"तुमचा बोर्ड लागला ना, त्याच हप्त्यातलं. चार पेग झाले व्हते त्या दिशी." तो हसला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. चूक त्याचीच, असं त्याला वाटत होतं. "मामूंनी दवाखान्यात रात्रीचा दिस केला माझ्यासाठी. तवापासून माझ्यासाठी बर्फ संपलेलाच असतो बगा दुपारचा. आज म्हटलं, मामू नायत तर घ्यावा."

बाहेर बसनं हॉर्न दिला. दोनच वाजले असतील, चौकात येऊन ती थांबून राहायची. हॉर्नसरशी टेबलांवरचे हात भराभर चालायला लागले, फुकटचं वाया जाऊ नये म्हणून. मी स्टूल ओढलं. पुन्हा पदर खोचला. सगळ्यांच्या देखत काटे मागं फिरवले, दीड तास, आणि खाली उतरून भागवतच्या पुढ्यातला दुसरा ग्लास उचलला.

"काकू, दोन वाजलेत," कुणीतरी मोबाईल वर केला. "सवलत हाय अजून."

"हॉटेलच्या घड्याळाप्रमाणे," म्हटलं. "बर्फ संपलाय. चहा घ्या."

त्या बैठकीचं पुढं काय झालं, नियम निघाला की राहिला, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी संध्याकाळी पेंटर बोलावून माझा बोर्ड उतरवला. समोरच्यानं महिनाभर माझं गिऱ्हाईक ओढलं, ते ओढू दिलं. हॉलमध्ये नवं घड्याळ लावलं आणि जुनं होतं तसं घरी आणलं. पण मन्नानभाईंना बोलवायला मात्र गेले नाही. येतील आपणहून, म्हटलं. मालकीणबाई होते ना. रोज अकरा वाजता दाराकडं बघायची आणि कुणी आलं की वहीत तोंड घालायची. अशी बाई तुम्ही बघितली नसेल. मी आरशात रोज बघितली. पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी गेले, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, लेकीकडं गेले, दौलताबादला.

दौलताबाद म्हणजे अमेरिका नव्हे. जेवण होऊन निघालं तर चहाला परत येता येतं. मला सहा वर्षं लागली. तिसऱ्याच्या आधी ताट ठेवत राहिले, बूट बघत राहिले, ग्लास ट्यूबलाईटसमोर धरून एक डोळा मिटायला लागले. माणसाकडं जायचं तेवढं राहिलं.

शेवटी ओमकारला शाळेच्या सुट्टीत किल्ला बघायचा होता म्हणून गेलो. सीताफळांचे दिवस होते. किल्ल्याच्या पायथ्याशी टोपल्या मांडून विकणाऱ्यांच्या ओळीत शेवटी पांढरा शर्ट दिसला. मनगटापर्यंत बटणं. मी उतरले, समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी आधी माझ्या चपला बघितल्या, मग तोंड.

"ड्यूटीवर चाललात का आलात?" म्हणाले.

"संपली ड्यूटी," म्हटलं. "हॉटेल भाड्यानं दिलं."

"हौ, ऐकलं. भागवत येतो मधूनमधून." ते फळं निवडायला लागले. "घड्याळ?"

"घरी आहे. दीड तास मागं."

त्यांचा हात थांबला. मग ते हसले, आवाज न करता, खांदे हलवत. मला माफी मागायची होती. सहा वर्षं घोकलेली वाक्यं होती, पण भाषण लिहिण्यात माझा हात कसा आहे ते त्यांना ठाऊकच होतं. मी विचारलं, "डझनावर काही सूट आहे का?"

"नाय. एकच भाव." त्यांनी बारा मोजून पिशवीत घातली. मी पैसे दिले. गाडीकडं वळले तेव्हा मागून हाक आली. टोपलीतलं सगळ्यात मोठं सीताफळ घेऊन ते पुढं आले आणि पिशवीत वरून ठेवलं.

"हे फुकट," म्हणाले. "ह्यानं चढत नाय, भाभी."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं भागवतनं फोनवर सांगितलं. मला ते शेवटचे दिसले ते गाडीच्या मागच्या काचेतून. दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. त्याला द्यायचं सीताफळ त्यांनी नॅपकिननं पुसलं, उन्हासमोर धरलं, आणि एक डोळा मिटला.